स्विस आइस हॉकी २०२४-२५ : लोझान टेबलात पहिलं, कप मात्र परत झुरिकलाच

झुरिककर_बंड्या | २६ एप्रिल २०२५

मंडळी, आयपीएलच्या धाग्यांवरून थोडा वेळ काढून इकडे या. परवा २४ तारखेला स्वित्झर्लंडच्या नॅशनल लीगचा सीझन संपला आणि आमच्या झुरिकच्या झेडएससी लायन्सने लोझानला फायनलमध्ये ४-१ ने हरवून सलग दुसऱ्यांदा टायटल घेतलं, एकूण अकरावं. गेल्या वर्षीही फायनल याच दोघांत होती, ती सातव्या मॅचपर्यंत गेली आणि ३० एप्रिलला झुरिकमध्ये २-० ने संपली. या वेळी पाचातच खेळ खल्लास आणि तोही लोझानच्याच घरात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १४ टीम, सप्टेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत प्रत्येकी ५२ मॅच. ६० मिनिटांत जिंकलात तर ३ पॉइंट, ओव्हरटाइम किंवा शूटआउटमध्ये जिंकलात तर २ आणि तिथे हरणाऱ्यालाही १. पहिल्या सहा टीम थेट प्लेऑफला. सात ते दहाच्या चौघांना प्ले-इन, ते साधारण आयपीएलच्या क्वालिफायर-एलिमिनेटरसारखं असतं, सातवा-आठवा दोन मॅचच्या एकूण गोलांवर भिडतात, जिंकेल तो आत, हरेल त्याला नववा-दहावा यांच्यातल्या विजेत्याशी अजून एक संधी. मग क्वार्टर, सेमी, फायनल, सगळं बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे जो आधी चार जिंकेल तो पुढे. दिवसाआड मॅच. दाढी करायची नाही ही परंपरा आहेच, एप्रिलच्या शेवटी सगळे प्लेयर हिमालयातून उतरल्यासारखे दिसतात.

आता माझा मुद्दा. ५२ मॅचनंतर टेबलात पहिलं लोझान होतं, आम्ही दुसरे. तरी माझ्या मते लोझानने हे टायटल फायनलमध्ये घालवलंच नाही, मार्चमध्येच घालवलं. क्वार्टरला त्यांच्यासमोर लांगनाउ, म्हणजे एससीएल टायगर्स, एमेंटालमधल्या चीजवाल्या गावची टीम, प्ले-इनमधून आलेली. चार-पाच मॅचमध्ये उरकायला हवं होतं, सात लागल्या. सेमीला फ्रीबूर, परत सात. म्हणजे फायनलचा पहिला पक (खेळायची रबरी चकती) पडायच्या आधी लोझानच्या पायात १४ प्लेऑफ मॅच होत्या. आम्ही क्लोटनला ४-१, दावोसला ४-१, म्हणजे दहा. फायनलमध्ये तिसऱ्या पिरियडला, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत, बघा कोण स्केटिंग करतंय आणि कोण नुसतं उभं राहून काठी फिरवतंय. बोला आता.

लेमनकाठची | २६ एप्रिल

बंड्या, अभिनंदन हो तुमचं. पण "घालवलं" वगैरे जपून बोला जरा. आमच्या लोझान क्लबची स्थापना १९२२ ची, आजवर एकदाही चॅम्पियन नाही, २०२४ च्या आधी फायनलसुद्धा बघितली नव्हती आणि आता लागोपाठ दोन. आमच्याकडे माले भागातल्या रिंकबाहेर लोक रडत होते आणि तरी टाळ्या वाजवत होते. तुमच्याकडे अकरावा कप म्हणजे शोकेसमध्ये जागा कुठे करायची एवढाच प्रश्न.

दमणूक होती हे मान्य. पण लांगनाउला नावं ठेवू नका, त्या टीमने जीव काढला होता. सगळे पाच जण मागे, गोलीसमोर (गोलकीपर) भिंत, आणि चुकून पक सुटला की एकच जण पळत सुटायचा. आमच्यासारख्या पक ताब्यात ठेवून खेळणाऱ्या टीमला याच्याइतका त्रास कशाचाच होत नाही.

खडूस_फिरकी | २६ एप्रिल

मला एक कळत नाहीये. सहा महिने ५२ मॅच खेळायच्या, पहिला नंबर काढायचा आणि त्याचं बक्षीस काय तर आठव्या नंबरच्या टीमबरोबर सात मॅच. मग त्या ५२ कशाला? सरळ मार्चमध्ये या आणि नॉकआउट खेळा की. टेबल टॉपर तोच चॅम्पियन, फुटबॉलमध्ये युरोपात असंच असतं ना, त्यात काय वाईट आहे?

झुरिककर_बंड्या | २६ एप्रिल

खडूसभाऊ, बक्षीस असतं, होम आइस. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी मॅच तुमच्या घरी. शेवटचा लाइन चेंज होम टीमला मिळतो, म्हणजे समोरच्याने कोणते पाच उतरवले ते बघून तुमचा कोच आपले पाच उतरवतो. ऐकायला छोटी गोष्ट, पण समोरच्या स्टार सेंटरवर प्रत्येक शिफ्टला आपला सगळ्यात चिवट माणूस सोडता येतो.

आता हे बक्षीस लोझानला पुरलं नाही त्याला काय करणार.

नाना_बर्नवाले | २७ एप्रिल

टेबल टॉपरचं कौतुक चाललंय म्हणून बोलतो. २०१५-१६ चा सीझन आठवा. झेडएससी टेबलात पहिले. त्यांच्याकडे कोण होतं, ऑस्टन मॅथ्यूज. अमेरिकेतलं १८ वर्षांचं पोरगं, ड्राफ्टला वर्ष होतं म्हणून इकडे खेळायला आलं, ३६ मॅचमध्ये २४ गोल, पुढच्या उन्हाळ्यात एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन खेळाडूंच्या निवडीत, पहिला नंबर. कोच मार्क क्रॉफर्ड, स्टॅनली कप जिंकलेला माणूस. आणि आम्ही बर्न? आठवे. कसेबसे आत घुसलेले. नोव्हेंबरमध्ये कोच गी बुशेला काढून लार्स लॉयनबर्गरला बसवलेलं, त्याच्याकडूनही कुणाला फार अपेक्षा नव्हती.

क्वार्टर फायनल, बर्न ४ झुरिक ०. सरळ झाडू. आणि मग दावोसला हरवलं, फायनलला लुगानोला ४-१, चॅम्पियन. आठव्या नंबरवरून चॅम्पियन! बंड्या तेव्हा कुठे होतात?

झुरिककर_बंड्या | २७ एप्रिल

नाना, दर वर्षी एप्रिलमध्ये हे उकरून काढल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही का

नाना_बर्नवाले | २७ एप्रिल

नाही. 😀

रिंकसाइड | २७ एप्रिल

२०१६ चा विषय निघालाच आहे तर एक पॅटर्न बघा. २०१६ बर्न, मध्येच कोच बदलला, चॅम्पियन. २०१८ झेडएससी, हान्स वॉलसनला मध्येच काढून हान्स कोसमानला आणलं, टेबलात सातवे, तरी चॅम्पियन. आणि २०२५, परत झेडएससी, क्रॉफर्डने २०२४ च्या ३० डिसेंबरला स्वतःहून कोचपद सोडलं, आपल्या मानसिक आरोग्यासाठी थांबतोय असं उघड सांगितलं, आणि मार्को बायर आले. म्हणजे दहा वर्षांत तीन टायटल अशा कोचने जिंकलीत ज्याच्या हातात सीझनच्या सुरुवातीला टीमच नव्हती.

कोच बदला म्हणजे कप मिळेल असं मी म्हणत नाहीये, दर वर्षी अर्धा डझन क्लब कोच काढतात आणि बहुतेकांचं काही होत नाही. याच सीझनला जिनिव्हा-सर्व्हेटने यान कादियूला काढलं. २०२३ ला क्लबला पहिलं टायटल आणि २०२४ ला चॅम्पियन्स हॉकी लीग (सीएचएल, युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) मिळवून देणारा माणूस, आणि तरी प्लेऑफ हुकलंच. पण ५२ मॅचचा टेबल कोणती टीम सहा महिने स्थिर होती ते सांगतो, एप्रिलला कोणती टीम चांगली असेल ते त्याला माहीत नसतं.

लेमनकाठची | २७ एप्रिल

आणि नानांनी एक गोष्ट सोयीने सांगितली नाही! तोच लॉयनबर्गर या डिसेंबरमध्ये फ्रीबूरचा कोच झाला, ३१ डिसेंबरला फ्रीबूरने दावोसमध्ये स्पेंगलर कप जिंकला, क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी, आणि मग मार्चमध्ये क्वार्टर फायनलला बाहेर कोणाला काढलं? बर्नला. सातव्या मॅचला.

नाना_बर्नवाले | २७ एप्रिल

ताई, जखमेवर मीठ.

पण खरंय. बर्न तिसरं होतं टेबलात, बऱ्याच वर्षांनी धड हॉकी खेळत होतं. सातवी मॅच घरी. आमच्याकडची उभं राहायची गॅलरी म्हणजे युरोपातल्या हॉकीतली सगळ्यात मोठी, एकूण १७,०३१ माणसं मावतात. त्या भिंतीसमोर फ्रीबूर येऊन जिंकून गेलं. फ्रीबूर अर्ध्या तासावर, गाडीत दोन्हीकडचे लोक एकत्र, जाताना गप्पा आणि येताना एक डबा गात होता आणि आमचा डबा गप्प.

सातारी_पेढा | २७ एप्रिल

थांबा थांबा. दावोसला हॉकी टीम आहे?? मला वाटायचं दावोस म्हणजे जानेवारीत आपले मुख्यमंत्री कोट घालून करार करायला जातात ते गाव

झुरिककर_बंड्या | २७ एप्रिल

😂😂 पेढेराव, तेच गाव. करार करतात ते काँग्रेस सेंटर आणि हॉकीचं स्टेडियम जवळजवळच आहेत. आपल्या शिष्टमंडळातल्या कुणी मान वळवून बघितलं तर दिसेल. एचसी दावोस म्हणजे ३१ टायटल, देशात सगळ्यात जास्त, आणि गावाची वस्ती दहा-अकरा हजार. लाकडी छताचं स्टेडियम आहे, आत उभं राहिलं की चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं.

आणि स्पेंगलर कप तिथलाच. १९२३ पासून, नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून ३१ डिसेंबरपर्यंत. डॉ. कार्ल स्पेंगलर म्हणून तिथले क्षयरोगाचे डॉक्टर, पहिल्या महायुद्धानंतर एकमेकांशी लढलेल्या देशांची पोरं एकत्र खेळावीत म्हणून सुरू केला. दावोस तेव्हा टीबीच्या सॅनेटोरियमसाठी प्रसिद्ध होतं. करार वगैरे फार नंतर.

खडूस_फिरकी | २८ एप्रिल

बरं, बर्न २०१६ आणि झुरिक २०१८ चं उदाहरण देऊन तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात असं मला वाटतं. आठवा आणि सातवा चॅम्पियन होतो म्हणजे टेबल फालतू आहे. इतकी वर्षं कुणी उठून म्हटलं नाही का की पहिल्या नंबराला पण कप द्या?

रिंकसाइड | २८ एप्रिल

एकदा तशी वेळ आलीच होती. २०२० चा मार्च. फेब्रुवारीच्या शेवटी सरकारने हजाराच्या वर माणसं जमवायला बंदी घातली, रेग्युलर सीझनचे शेवटचे राउंड रिकाम्या स्टेडियममध्ये खेळले, झेडएससी पहिले आले आणि मग प्लेऑफच रद्द. टायटल झेडएससीला दिलं नाही. त्या वर्षी चॅम्पियन कोणीच नाही, यादीत रकाना रिकामा आहे. झुरिकवाल्यांनीही फार आरडाओरडा केला नाही. यावरून समजा इथे लोक टेबलाला किती मानतात ते.

आणि टेबल फालतू नाहीये खडूसभाऊ, टेबल खालच्या लोकांसाठी फार महत्त्वाचं आहे. तेरावा आणि चौदावा प्ले-आउट खेळतात, त्यात जो हरेल त्याला खालच्या स्विस लीगच्या चॅम्पियनशी लढावं लागतं. या वर्षी लुगानो आणि अजोई होते. लुगानो! सात टायटलवाला श्रीमंत क्लब, आणि मार्चमध्ये पोटात गोळा. अजोई तिथे हरलं, मग फिस्पशी खेळलं आणि टिकलं.

लेमनकाठची | २८ एप्रिल

अजोईबद्दल दोन ओळी लिहितेच. पोराँत्रुई म्हणून फ्रान्सच्या सीमेला चिकटून जुरामध्ये छोटं गाव आहे, वस्ती सहा-सात हजार. २०२१ ला वर आले, तेव्हापासून बहुतेक वेळा तळाशीच. पण २०२० ला खालच्या डिव्हिजनमध्ये असताना यांनी स्विस कपच्या फायनलला दावोसला ७-३ ने हरवलेलं, आमच्या लोझानच्या रिंकमध्येच. त्यामुळे कोणी यांना हसलं की मला राग येतो.

सातारी_पेढा | २८ एप्रिल

मी काल यूट्यूबवर हायलाइट बघितले. काही शंका :
एकाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि अंगावर ज्वाळा, तो कोण, कॅप्टन का?
सगळ्यांच्या अंगावर इतक्या जाहिराती का, चड्डीवर पण आहेत
आणि दर मिनिटाला माणसं बदलत राहतात त्याचा हिशेब कोण ठेवतं

झुरिककर_बंड्या | २८ एप्रिल

पिवळा म्हणजे टॉपस्कोरर, त्या टीममध्ये ज्याचे गोल अधिक असिस्ट (गोलाआधीचे पास) सगळ्यात जास्त तो. मध्येच दुसरा पुढे गेला की पुढच्या मॅचला हेल्मेट त्याच्या डोक्यावर. समोरच्या टीमला लांबून कळतं कुणाला आधी आपटायचं. त्याच्या प्रत्येक पॉइंटमागे स्पॉन्सर बँक पोरांच्या हॉकीसाठी पैसे देते, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

जाहिराती कारण टीव्हीचे पैसे एनएचएलसारखे नाहीत, तिकीट, बिअर आणि जाहिरात यावरच क्लब चालतात. बर्फावर पण जाहिरात, गोलीच्या पॅडवर पण. सवय होते. तिसरा प्रश्न रिंकसाइडरावांचा प्रांत.

रिंकसाइड | २८ एप्रिल

एका टीमचे साधारण २० खेळाडू आणि २ गोली कपडे घालून बसतात. फॉरवर्डच्या चार लाइन, तीन-तीन जणांच्या, डिफेन्सच्या तीन जोड्या. एक शिफ्ट ४० ते ५० सेकंद, कारण तेवढ्यात माणूस फुल स्पीडने रिकामा होतो. मॅच चालू असताना कठड्यावरून उडी मारून आत, दुसरा बाहेर. एक माणूस जास्त झाला तर दोन मिनिटं पेनल्टी.

आता हेच बंड्याच्या मूळ मुद्द्याला जोडतो. प्लेऑफमध्ये मॅच टाइट झाली की कोच चौथी लाइन बसवून ठेवतो, तीन लाइनवर खेळतो, कधी दोनवर. कारण चुकीची एक शिफ्ट म्हणजे सीझन संपला. म्हणजे लोझानच्या सुओमेला किंवा रियासारख्या माणसाला एरवी १७-१८ मिनिटं पडतात तिथे २२-२३ पडायला लागतात. वर ओव्हरटाइम. रेग्युलर सीझनमध्ये ओव्हरटाइम ३ विरुद्ध ३, पाच मिनिटं, मग शूटआउट. प्लेऑफमध्ये तसं नाही, पूर्ण ५ विरुद्ध ५, वीस-वीस मिनिटांचे पिरियड, कोणीतरी गोल करेपर्यंत. रात्री बारा वाजोत नाहीतर एक. दोन दिवसांनी परत मॅच.

लोझानने असे १४ सामने काढले. सगळ्यात वाईट भाग असा की त्यांची ताकद म्हणजे फोरचेक, समोरच्याच्या कोपऱ्यात जाऊन पक हिसकावणं, त्यांचे कोच जेफ वॉर्ड यांची पूर्ण सिस्टिम त्यावर उभी. आणि दमलेल्या पायांनी पहिलं जातं ते फोरचेकच. अर्धा सेकंद उशीर झाला की समोरचा पास मारून मोकळा.

झुरिककर_बंड्या | २८ एप्रिल

अगदी हेच म्हणायचं होतं मला, फक्त मला असं लिहिता येत नाही.

लेमनकाठची | २९ एप्रिल

मला हे निम्मंच पटलं. दमणूक एवढी ठरवत असेल तर झेडएससीनेच दमायला हवं होतं ना? याच सीझनला ते चॅम्पियन्स हॉकी लीग खेळले, ग्रुपच्या सहा, मग प्री-क्वार्टर, क्वार्टर, सेमी दोन-दोन, आणि १८ फेब्रुवारीला फायनल, स्वीडनच्या फेरिएस्टाडला २-१ ने हरवून जिंकले सुद्धा. म्हणजे १३ मॅच जास्तीच्या, त्यात परदेशी प्रवास. मग एप्रिलमध्ये ताजे कोण असायला हवे होते?

माझ्या मते फरक पायांचा नव्हता, बाकाचा होता. झेडएससीची तिसरी लाइन दुसऱ्या कुठल्याही क्लबात पहिली असती. माल्गिन आणि अँड्रिगेत्तो दोघेही एनएचएल खेळून आलेले स्विस, म्हणजे परदेशी कोट्यात मोजले जात नाहीत. मॅचला सहा परदेशी उतरवता येतात, २०२२-२३ पासून, त्याआधी चार होते. तेव्हा ज्याच्याकडे चांगले स्विस जास्त तोच जिंकणार, कारण परदेशी तर सगळ्यांकडे सहाच. आणि चांगल्या स्विस खेळाडूंना पगार कोण देऊ शकतं ते मी सांगायला नको.

नाना_बर्नवाले | २९ एप्रिल

ताईंचं बरोबर आहे. पैसा आहेच. वॉल्टर फ्राय किती वर्षं त्या क्लबात पैसा घालतायत.

पण एक गोष्ट झुरिकची मानावी लागेल, नुसता विकत घेतलेला माल नाही. त्यांची जीसीके लायन्स म्हणून दुसरी टीम खालच्या लीगमध्ये खेळते, कुसनाखटला, मॅचला मोजकी माणसं असतात. तिथे पोरं तयार होतात. बायर तिथलेच कोच होते. म्हणजे डिसेंबरअखेर वर आलेल्या माणसाला तरुण पोरांचं नाव-गाव पाठ होतं, कोणाला कुठे घालायचं हे पहिल्या दिवसापासून माहीत. बाहेरून कोणी मोठं नाव आणलं असतं तर त्याला हे कळायला मार्च उजाडला असता.

झुरिककर_बंड्या | २९ एप्रिल

नाना झुरिकचं कौतुक करतायत, स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे.

ताई, सीएचएलचा मुद्दा भारी आहे, पण त्या मॅच सप्टेंबर ते फेब्रुवारी पसरलेल्या होत्या, आणि तेव्हा क्रॉफर्ड आणि नंतर बायर दोघेही चारही लाइन फिरवत होते. टेबलात आम्ही पहिले आलो नाही त्याचं कारणच ते आहे असं मला वाटतं. बाक मोठा असणं आणि दहाच मॅचमध्ये फायनल गाठणं हे एकाच गोष्टीचे दोन भाग, बाक होता म्हणून क्लोटनला पाचात संपवता आलं. तुमच्याकडे बाक नव्हता म्हणून लांगनाउला सात लागल्या. मग आपण दोघं एकच बोलतोय की.

लेमनकाठची | २९ एप्रिल

नाही हो, एकच नाही. तुम्ही म्हणताय आम्ही लांगनाउसमोर ढिलाई केली. मी म्हणतेय की ढिलाई नव्हती, जेवढं होतं तेवढं सगळं ओतलं आणि तेवढंच होतं. आमचा गोली पास्शने किती वेळा वाचवलं ते बघा. पहिला नंबर हा आमच्या कुवतीच्या वरचा होता, तो मिळवला हेच मला मोठं वाटतं. खडूसभाऊ विचारतात ५२ मॅच कशाला, तर माझं उत्तर यासाठी. सप्टेंबरपासून दर आठवड्याला मालेला जायचं, शेजारच्या सीटवरच्या आजोबांशी बोलायचं, टेबलात नाव वर बघायचं. एप्रिल कुणाच्या हातात असतो.

खडूस_फिरकी | २९ एप्रिल

ताई हे उत्तर पटलं. मुद्दा अजून पटला नाही, पण उत्तर पटलं.

तावडे_लेह_रिटर्न | ३ मे

धागा आवडला. थोडं अवांतर. हिवाळ्यात लेहला असताना तिथे गोठलेल्या तळ्यावर पोरंपोरी हॉकी खेळताना बघितली आहेत. आपल्याकडची आइस हॉकी म्हणजे जवळजवळ सगळी लडाखचीच, नैसर्गिक बर्फ, त्यामुळे सीझन जेमतेम दोन महिन्यांचा. आर्मी आणि आयटीबीपीच्या टीम फार जोरात. तुमच्या त्या ५२ मॅच वाचून हेवा वाटला, आमच्याकडे ५२ दिवस बर्फ टिकला तरी नशीब. स्वित्झर्लंडमध्ये पण आधी उघड्यावरच खेळायचे ना?

नाना_बर्नवाले | ३ मे

हो, आधी सगळं उघड्यावर आणि थंडीच्या भरवशावर. सगळ्यात रांगडं उदाहरण म्हणजे आंब्री-पिओत्ता. गोथार्डच्या दक्षिणेला लेव्हेंतिना दरीत एक खेडं आहे, वस्ती शेकड्यात, आणि टीम पहिल्या डिव्हिजनला. त्यांचं जुनं स्टेडियम व्हालाशा हिमस्खलनाच्या धोक्याच्या पट्ट्यात होतं, आत मॅच बघताना गारवा हाडात शिरायचा. २०२१ ला नवीन रिंक झालं, मारिओ बोत्ताने डिझाइन केलेलं. पण जिंकल्यावर सगळं स्टेडियम मिळून एक डोंगरातलं गाणं म्हणतं ते अजून तसंच आहे. लुगानोबरोबर डर्बी असली की तिचिनोमध्ये, म्हणजे दोन्ही टीमच्या प्रांतात, घराघरात दोन तट. लुगानो पैसेवाले शहरी, आंब्री डोंगरातले गरीब, अशी त्यांची मांडणी. आंब्रीने एकही टायटल जिंकलेलं नाही, आणि देशभर यांचे चाहते आहेत. मी बर्नचा असून आंब्री जिंकलं की मला बरं वाटतं.

रिंकसाइड | २६ मे

धागा वर काढतोय, काल रात्री स्टॉकहोमला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल झाली. स्वित्झर्लंड ० अमेरिका १, ओव्हरटाइममध्ये. टेज थॉम्पसन, ओव्हरटाइमला दोनच मिनिटं झालेली. क्वार्टरला ऑस्ट्रियाला ६-०, सेमीला डेन्मार्कला ७-०, आणि फायनलला एकही गोल नाही. गेल्या वर्षी प्रागमध्ये चेकविरुद्ध ०-२, तेव्हाही शून्यच. २०१३, २०१८, २०२४, २०२५, चार सिल्व्हर.

मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर लेओनार्दो जेनोनी, वय ३७. आता मुद्द्याची गोष्ट, जेनोनी त्सुगचा गोली. त्सुगला क्वार्टर फायनलमध्ये दावोसने ४-० ने झाडलं होतं. म्हणजे मार्चमध्येच हा माणूस मोकळा झाला.

झुरिककर_बंड्या | २६ मे

आरामाचा मुद्दा शेवटी सिद्ध झाला म्हणायचा!!

लेमनकाठची | २६ मे

छे, काय सिद्ध झालं? अँड्रिगेत्तो तुमच्याच टीमचा, २४ एप्रिलपर्यंत खेळून गेला आणि स्विस टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचेच. एक जण आराम करून चांगला खेळला, दुसरा न करता. जेनोनीचं म्हणाल तर तो एप्रिल-मे महिन्यांसाठीच बनलेला आहे. दावोसकडून तीन टायटल, बर्नकडून दोन, त्सुगकडून दोन, सात झाली. २०२२ च्या फायनलला त्सुग तुमच्याविरुद्धच ०-३ ने मागे होतं, आठवतंय का बंड्या?

झुरिककर_बंड्या | २६ मे

नाही आठवत.

नाना_बर्नवाले | २६ मे

मला आठवतंय. ०-३ वरून ४-३. स्विस फायनलमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं. झुरिकमध्ये मिरवणुकीची तयारी झाली असेल.

झुरिककर_बंड्या | २६ मे

ॲडमिन, नानांचा आयडी दर एप्रिल-मेमध्ये बंद ठेवता येईल का

सातारी_पेढा | २८ मे

एक प्रॅक्टिकल प्रश्न. भाऊ झुरिकला असतो, डिसेंबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन जातोय. तुमचा धागा वाचून बाबांना एक तरी मॅच बघायचीच आहे. कुठली बघावी? आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिप तिकडेच आहे म्हणतात ते खरं का?

रिंकसाइड | २८ मे

खरं आहे. २०२६ चा मे, झुरिक आणि फ्रीबूर. २०२० ला झुरिक-लोझानला होणार होती, कोविडने गेली, तीच आता मिळाली. झुरिकचं स्विस लाइफ अरेना २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं, १२,००० माणसं. स्विस टीमच्या मॅचची तिकिटं आधीच बघून ठेवा, उरणार नाहीत.

डिसेंबरच्या शेवटी लीग थांबलेली असते, म्हणून स्पेंगलर कप हाच पर्याय. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलून दावोस, अडीच तासांच्या आसपास. दुपारची मॅच बघितली तर रात्री परत येता येतं.

नाना_बर्नवाले | २८ मे

बाबांना उभ्याच्या गॅलरीत नेऊ नका, तिथे अडीच तास ढोल आणि उड्या. बसायची सीट घ्या, मधल्या रेषेच्या जवळ आणि थोडी वरची, खालून पक दिसतच नाही पहिल्यांदा बघणाऱ्याला. दावोस पंधराशे मीटरच्या वर आहे आणि आतही गार असतं, तेव्हा पायात लोकरीचे मोजे हवेतच. पिरियड तीन असतात, मध्ये दोनदा मोठी विश्रांती, तेव्हा सॉसेजच्या रांगेत पिरियड संपायच्या दोन मिनिटं आधीच जाऊन उभं राहायचं.

लेमनकाठची | २८ मे

आई शाकाहारी असतील तर डबा बरोबर घ्या. आणि दोन मिनिटं आधी उठू नका हो, नानांनी असे किती गोल चुकवलेत ते विचारा त्यांना.

नाना_बर्नवाले | २९ मे

चुकवले असतील. सॉसेज एकदाही चुकलेलं नाही.